डाव्या हाताचा नमस्कार

पिकअपच्या मागं दोरानं बांधलेली जीप जुन्नरच्या नाक्यावरून वळली, तेव्हा नूरबीनं हातातला टेम्पोचा हॉर्न खाली ठेवला. ही गाडी ओळखायला तिला नंबर बघावा लागत नव्हता. मडगार्डला पोचा, टपाच्या ताडपत्रीला खताच्या गोणीचं ठिगळ, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात कुठल्याशा वरातीचा गुलाल. धर्माजींची जुनी पेट्रोल जीप. डिंभ्याच्या वर, धरणाच्या पाण्याला वळसा घालून एस्टी मनात आलं तर जाते, आणि त्याच्याही पुढं जिथं ती मनात येऊनही जाऊ शकत नाही, तिथल्या वाडीतली ही एकुलती एक गाडी. बाजार, वऱ्हाड, बाळंतीण, विजेचे खांब, सगळं तिच्यातूनच वर चढायचं नि उतरायचं.

आता धर्माजी उतरतील आणि म्हणतील, "भाबी, रुसली बगा पुन्ना ही बया," असं तिच्या मनात आलं. पण स्टिअरिंगवरून उतरला तो त्यांचा मुलगा पप्पू. डोक्याचा गोटा केलेला, मागं शेंडीपुरते केस. पप्पू काही तिरुपतीला जाणाऱ्यातला नव्हता. त्या गोट्यानं सगळं सांगून टाकलं.

"आगं आई. पप्पू, कधी?"

"परवा तेरावा झाला, काकी."

पिकअपच्या पुढच्या सीटवरून त्याची आई साळुबाई उतरली. मोकळं कपाळ पदरानं झाकून ती कुणाकडं न बघता सावलीला आली. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचा नवरा पीरमहंमद बसला होता, त्यानं पावलांच्या आवाजावरून अंदाज घेतला आणि आपली खुर्ची सोडून उभा राहिला. "बसा वहिनी," म्हणाला.

गाड्यांच्या वायरिंगचं दुकान नावाला त्याचं. पाटीवरही त्याचंच नाव. पण साखरेनं त्याची नजर नेली त्याला बरीच वर्षं झाली. 'लाल वायर कुठली, पिवळी कुठली' हे त्याला सांगता सांगता नूरबीचेच हात शिकले. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं आणि तिला ओलांडून आत बघायचं, भाई कुठंयत म्हणून. आता भाईच विचारतात, गिऱ्हाईक कुठंय म्हणून.

"काय झालं?" नूरबीनं विचारलं. तिला माणसाचं विचारायचं होतं. पप्पूनं गाडीचंच जास्त सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की दोन्ही एकच आहे.

"बा न्याहारी करून उठला नि तोंडच वाकडं झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आमी उचलून गाडीत घातला. किल्ली फिरवली. सेल्फ मारतोय, इंजन गरागरा फिरतंय, पर पेटंना. बॅटरी मरस्तवर सेल्फ मारला. मग पोरांनी ढकलली, उतारानं पार वढ्यापत्तुर सोडली. न्हाईच पेटली. सोमाजीचा ट्रॅक्टर पारगावला ऊस वडायला गेल्याला. फोनला रेंज नाय. मग घोंगडीची झोळी केली नि निघालो. डिंभ्याच्या अलीकडं..." पप्पूनं तळहात उलटा केला. "डॉक्टर म्हणला, जरा आधी आणायचं व्हतं."

सेल्फ मारतोय आणि पेटत नाही. ढकलूनही पेटत नाही. म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉईलला करंट जात नाही. हे नूरबीच्या डोक्यात आपोआप जुळलं. कॉईलचा करंट कुठं तोडला आहे, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक आता नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी पप्पूनं पुण्याची चार पोरं-पोरी गाडीत घालून डोंगरात फिरवायला नेली होती. तशी लोकं हल्ली येतात. रस्ता सोडून दगडगोट्यांतून, चिखलातून गाडी घालायला पैसे देतात. वाडीतली माणसं ते रोज फुकट करतात, ही गोष्ट वेगळी. पप्पू पिऊन होता. जीप घळीत आडवी झाली, एका पोरीचा हात मोडला. धर्माजींनी किल्ली काढून घेतली, तर यानं मंचरला जाऊन दुसरी करून आणली. मग एक दिवस धर्माजी एकटेच जुन्नरला आले.

"भाबी, चोर बटन बसवा."

"तुमच्या वाडीत कुठला आला चोर, दादा?"

"घरातच जन्मलाय."

चोर बटण म्हणजे लपवलेलं बटण. कॉईलची वायर मध्येच तोडून ते घालायचं. ते खाली असलं की हजार किल्ल्या फिरवा, गाडी पेटत नाही. आणि त्याचा एक कायदा असतो. पीरमहंमदनं तो त्याच्या उस्तादाकडून घेतला, नूरबीनं पीरमहंमदकडून. जागा फक्त दोघांना ठाऊक, बसवणाऱ्याला आणि मालकाला. तिसऱ्या कानाला गेली तर ते चोर बटण कसलं, दाराची बेल झाली. तिनं ते ड्रायव्हरच्या सीटखाली, पुढच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला बसवलं. नवी वायर मुद्दाम ग्रीसनं मळवली, जुन्या चिकटपट्टीत गुंडाळली. इतकं सफाईचं काम की उघडून बघणाऱ्यालाही वायर कारखान्यातून तशीच आली असं वाटावं. त्या कामावर ती खूश होती. निघताना तेवढं बोलली होती, "घरात एकाला तरी सांगून ठेवा, दादा."

"सांगंन की," धर्माजी म्हणाले होते. "येळ आली की सांगंन."

तिनं पप्पूकडून किल्ली घेतली. हात कामाला लावले. एक आशा होतीच. कशावरून बटणच? जुनी गाडी आहे, धरणाची दमट हवा आहे, शंभर जोड आहेत. त्यातला एखादा गेला असेल. या अल्ला, एखादा गेलेला असू दे.

दुकानातली चार्ज केलेली बॅटरी तिनं जीपला जोडली. दोन वायरींचा टेस्ट दिवा घेतला, एक टोक बॉडीला लावलं. बॅटरीवर दिवा लागला. किल्ली फिरवून किल्लीच्या मागच्या पिनेला लावला, तिथंही लागला. बॉनेटखाली जाऊन कॉईलला लावला. नाही लागला.

"काय?" पप्पू तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"करंट किल्लीपर्यंत येतोय, कॉईलपर्यंत जात नाही. मध्ये कुठंतरी तुटलाय."

"मंजी माज्याच जोडात." त्यानं डॅशबोर्डकडं बोट केलं. "काकी, गेल्या दिवाळीत मी फॉग लाइट लावलं व्हतं. माज्या हातानं. वायर तितनंच घेतली, किल्लीच्या मागनं. चुलतं तेच म्हणत्यात, पोरानं वायरिंगमदी हात घातला नि बाप घालवला. मला फकस्त कळू द्या. त्यो जोड असंल तर असंल. पर मला कळाय पायजे. रातीला झोप न्हाई, डोळं मिटलं की सेल्फचा आवाज येतो."

एवढं विचारण्यासाठी त्यानं घोडेगाव सोडलं, मंचर सोडलं आणि गाडी ओढत इथं आणली. ही वायरिंग नूरबीनं केलेली, तेव्हा तीच खरं सांगेल म्हणून.

तिनं डॅशबोर्डचा पत्रा सोडवला. पप्पूचा जोड सापडला. वायरीला वायर पिळलेली, वर वहीला लावतात तसली पारदर्शक पट्टी. गबाळं काम, पण निरुपद्रवी. "हा नाही," ती म्हणाली. "याचा काही संबंध नाही. हा तुटला असता तर तुझे दिवे गेले असते, गाडी नाही."

पप्पू फूटबोर्डवर बसला. पण लगेच मान वर केली. "मग कुठला?"

त्याच्या पलीकडं वायरी जोडणारा एक कपलर होता. तिनं तो ओढून उघडला, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, मोरचूद चढल्यासारख्या. नूरबीला त्या घाणेरड्या हिरव्या रंगाकडं बघून इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. पॉलिश पेपरच्या पट्टीनं तिनं एकेक पिन घासली, फुंकर मारली, कपलर घट्ट बसवला. उठून बॉनेटखाली गेली. दिवा कॉईलला लावला.

नाही लागला.

तिकडं सावलीत साळुबाई पीरमहंमदशी बोलत होती. न बघणाऱ्या माणसापुढं बोलायला बरं पडत असावं.

"रोजचा नेम व्हता बगा त्यांचा. गाडीत बसायच्या आदी वाकायचं, शिटाखाली हात लावायचा, मग कपाळाला लावायचा. सांजच्यालाबी गाडी लावली की तसंच. आख्खी वाडी हसायची. म्हणायची, धर्माजीची जीप धर्माजीच्या नमस्काराबिगर पेटत न्हाई. पप्पूनं एकदोनदा चोरून काडाय बगितली, न्हाईच पेटली. तवापास्नं पोरंबी म्हणाय लागली, गाडी म्हाताऱ्याला वळखती."

पीरमहंमदचा चेहरा नूरबीकडं वळला. त्याला जागा माहीत नव्हती, पण त्यानंही आयुष्यभर चोर बटणंच बसवली होती. नूरबीनं बघितलं, त्याला कळलं होतं.

"मीबी त्या दिशी केला नमस्कार," पप्पू खालूनच म्हणाला. "हसू नगा काकी. फूटबोर्डाला हात लावला, कपाळाला लावला, म्हणलं बाई, आज एक डाव पेट. आज माज्यासाटी नगं, त्याच्यासाटी."

फूटबोर्डपासून ते बटण वीतभर आत होतं.

"आनि जाताना," साळुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला, "गाडीच्या मागच्या बाकड्यावर निजवलं व्हतं, डोकं माज्या मांडीवर. उजवा हात मेल्याला. तर डाव्या हातानं, भाऊ, डाव्या हातानं नमस्कार करत व्हतं. हात खाली न्यायचं, कपाळाला लावायचं. पुन्ना खाली, पुन्ना कपाळाला. डोळ्यांतनं पानी. आमाला वाटलं, माणूस निरोप घ्यायला लागला. मग मीबी हात जोडलं. मी म्हणलं, जावा आता, कशाची काळजी करू नगा. मग घरातनं तुळशीचं पान आणून जिभंवर ठिवलं. त्ये मान हालवत व्हतं. पर मला समाधान हाय. आसं हात जोडून जानं सगळ्यांच्या नशिबात नसतं."

नूरबी बॉनेटच्या आड उभी होती. उघडं बॉनेट ही मेकॅनिकची मोठी सोय असते, तोंड लपवता येतं.

आता पुढं काय, हे तिला दिसत होतं. खरं बोललं तर पोराला कळणार की वीतभराचंच अंतर होतं. आणि ते अंतर त्याच्याच एका रविवारानं घातलेलं. साळुबाईचं तर त्या एका नमस्कारावर सगळं चाललं होतं. तोही तिच्या हातून काढून घ्यायचा? आणि नाही बोललं तर हा मुलगा जन्मभर बंद गाडीचा सेल्फ मारत राहणार.

"पप्पू, इकडं ये. हा दिवा धर कॉईलला. मी आतून बघते. लागला की सांग."

त्याला बॉनेटमागं ठेवून ती ड्रायव्हरच्या बाजूला आली, गुडघ्यावर बसली, सीटखाली हात घातला. पत्र्याच्या आत बोटं गेली. बटणाचा दांडा सापडला. तिनं डोळे मिटले. वर असू दे. वर असला तर हे नाही, दुसरं काही आहे.

दांडा खाली होता. धर्माजींनी त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी गाडी लावताना नेमानं खाली केलेला.

तिनं तो वर केला. इतकासा आवाज झाला, नख तुटावं तेवढा.

"लागला!" पप्पू ओरडला. "काकी, लागला!" क्षणभर त्याच्या आवाजात पोरपण होतं. मग आपण कशासाठी आनंदलो ते त्याला आठवलं असावं. त्यानं दिवा खाली घेतला.

नूरबीनं किल्ली फिरवली. जीप पहिल्या झटक्यात पेटली आणि शहाण्यासारखी चालू राहिली.

"काय व्हतं?" पप्पू समोर येऊन उभा होता.

"माझा जोड," नूरबी म्हणाली. "सीटखालून वायर नेली होती मी, तिथला. कच्चा राहिला होता. चूक माझी आहे, पप्पू. तुझी नाही."

तिला वाटलं होतं हे खोटं बोलायला जड जाईल. गेलं नाही. फार लांबचं खोटं नव्हतंच ते.

पप्पूचा चेहरा हळूहळू लाल झाला. "तुमचा जोड? माजा बाप साऱ्या तालुक्याला सांगायचा, भाबीच्या हातची वायर म्हंजी वायर. नि तुमी... कच्चा?" त्यानं फूटबोर्डला लाथ मारली. "बाईमानसानं पाटपाणी करावं! दुसऱ्याच्या जिवावर कशाला शिकायचं?"

पीरमहंमद उठला. "पप्पू, तमीज से."

"बोलू दे त्याला," नूरबी म्हणाली.

"चल आये. बस गाडीत. हितं पानीबी प्यायचं न्हाई."

साळुबाई उठली. ती भांडणाकडं बघत नव्हती, नूरबीच्या हाताकडं बघत होती. मघाशी तो हात सीटखाली गेलेला तिनं सावलीतून पाहिला होता. ती जीपकडं आली, ड्रायव्हरच्या बाजूनं. इंजिन चालू होतं, पत्रा थरथरत होता. आणि ती वाकली, रोज कुणीतरी वाकायचं तशी, पण त्या माणसाचा हात जिथं जायचा तिथं आपला हात घालत. चाचपडत. नूरबी 'वहिनी' म्हणेपर्यंत तिची बोटं पोचली.

इंजिन बंद पडलं.

नाक्यावरच्या गाड्यांचा आवाज एकदम मोठा झाला. साळुबाई तशीच वाकून होती. तिनं बोट वर केलं, खाली केलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग पप्पूला म्हणाली, "किल्ली फिरव." त्यानं पलीकडून चढून फिरवली. सेल्फ मारला, इंजिन गरागरा फिरलं, पेटलं नाही. तोच आवाज. पप्पूचा हात किल्लीवरून गळून पडला. तिनं बोट वर केलं. "आता फिरव."

पेटली.

कुणी कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. तरी साळुबाईनं विचारलं. "भाबी, हे तुमी बसवलं?"

"हो."

"त्यांनी सांगितलं म्हणून?"

"हो. कुणाला सांगू नका म्हणाले."

"कुणापासनं लपवायचं व्हतं?" हा प्रश्न तिनं विचारला आणि उत्तर यायच्या आत मुलाकडं बघून तोंड फिरवलं. "त्यानं पिनं सोडून वरीस झालं व्हतं, भाबी. वरीस. एक डाव सांगायचं व्हतं की त्यांनी."

पप्पू खाली उतरला. तो सीटखाली वाकून बघत होता, काही दिसत नव्हतं तरी. "मंजी त्यो नमस्कार करत न्हवता," तो म्हणाला. "त्यो मला सांगत व्हता. हात घाल म्हणत व्हता. मलाच."

"तुलाच," साळुबाई म्हणाली. "नि मी त्यांच्या तोंडात तुळशीचं पान घातलं. त्ये मान हालवत व्हतं, नगं नगं म्हणत व्हतं, नि मी..." तिनं दोन्ही हात जोडले, त्या दिवशी जोडले होते तसे, आणि त्या हातांकडं बघत राहिली.

रडलं कुणी नाही. रडणं तेरा दिवसांत संपलं होतं, आणि हे त्याच्या पलीकडचं होतं. पप्पू फूटबोर्डवर बसला. म्हणाला, "माजा राग आलाय म्हणून त्यो हात झाडतोय, असं वाटलं व्हतं मला. म्हणलं, मरतानाबी गाडीला हात लावू देईना." मग नूरबीकडं न बघता, "काकी, मघाशी बोललो ते..."

"ते असू दे."

"काढून टाका ते बटन," पप्पू म्हणाला.

नूरबीनं पक्कड घेतली. सीटखाली आडवी होऊन वायरीची दोन टोकं कापली, सोलली, एकमेकींना पिळून सोल्डर मारलं. चिकटपट्टी मात्र लालभडक वापरली, लांबून दिसेल अशी. बटण बाहेर काढून हातात घेतलं. पितळी दांड्यावर एका बाजूनं झळाळी होती. रोज दोनदा एकाच अंगठ्यानं घासून आलेली.

ते तिनं साळुबाईपुढं धरलं. साळुबाईनं घेतलं नाही.

पप्पूनं जीप पेटवली. या वेळी त्यानं कशाला हात लावला नाही, कपाळालाही नाही. दोर सोडून पिकअप आधीच गेली होती. जीप नाक्यावरून घोडेगावच्या रस्त्याला लागली, आणि साळुबाई मागच्या बाकड्यावर बसली होती, पुढं जागा असताना.

नूरबी टेम्पोच्या हॉर्नपाशी येऊन बसली. पेचकस उचलला, ठेवला. मग मोबाइल काढला आणि नावं वरखाली सरकवू लागली. जुन्नरात, आंबेगावात, आळेफाट्यापर्यंत तिच्या हातची किती चोर बटणं पत्र्यांखाली बसली असतील, तिनं कधी हिशेब ठेवला नव्हता. ठेवायचा नसतो, तोही कायद्यातच आहे.

"किसको लगा रही है?" पीरमहंमदनं विचारलं.

"पिंपळवंडीच्या आदेशला. टोमॅटोची पिकअप."

तो समजला. "नूर, ईमान का सवाल है. अपने धंदे में..."

"धर्माजींशी ईमान राखलं ना मी," ती म्हणाली. "बघितलं ना, कसं राखलं?"

फोन लागला. पलीकडं क्रेट आपटल्याचे आवाज, ट्रॅक्टरवरचं गाणं.

"बोला काकी! काय आठवण काढली गरिबाची?"

"आदेश, तुझ्या गाडीचं बटण. घरात कुणाला माहितीय?"

"आवो, फोनवर काय बोलताय!" तो हसायला लागला. "घरात सांगितलं तर मेव्हणं गाडी ठिवतील व्हय? सांगू की काकी. येळ आली की सांगू."

नूरबीनं मुठीतलं बटण घट्ट धरलं. "बायको कुठंय तुझी?"

"शीला? हाय ना, हितंच टोमॅटो निवडतीय. का?"

"तिला फोन दे."

"काकी, पर..."

"तिला फोन दे, आदेश. मी थांबते."